स्टील गिटारवाल्याला पुन्हा बोलावणं का येतं

कराडच्या एका तरुण वादकाने प्रश्न विचारला आहे. तो हवाईयन गिटार वाजवतो, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी रॉड सरकवत वाजवायची स्टील गिटार. हात बऱ्यापैकी तयार आहे. कार्यक्रमात टाळ्या मिळतात, पण ज्या ग्रुपने एकदा बोलावलं त्याचा पुन्हा फोन येत नाही. कीबोर्डवाला म्हणतो, "हा आवाज माझ्याकडे आहेच की." श्रोत्यांना पहिल्या गाण्याला नवल वाटतं, तिसऱ्या गाण्यापर्यंत ते मोबाईल बघायला लागतात. ऐकणाऱ्यांचं आणि बरोबरच्या कलाकारांचं मन जिंकायला या वाद्यावर नेमकं काय यावं लागतं, असा त्याचा प्रश्न आहे. शेवटी त्याने विचारलं आहे की नवीन इलेक्ट्रिक वाद्य घेतलं तर फरक पडेल का.

सांगली-मिरज भागात भावगीतं, अभंग, नाट्यपदं आणि जत्रेतले ऑर्केस्ट्रा या सगळ्यांत मी हे वाद्य वाजवत आलो आहे, शिकवतोही. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्टील गिटार हे साथीचं वाद्य आहे, आणि ते एकट्याने वाजवतानाही साथीचंच राहतं. मंचावर गायक असेल तर त्याची साथ. गायक नसेल आणि तुम्ही एखादं गाजलेलं गाणं वाजवत असाल, तर समोर बसलेला प्रत्येक जण मनात ते गाणं शब्दांसकट म्हणत असतो. तुम्ही त्याची साथ करत असता. त्याच्या मनातला शब्द संपला आणि तुमचा सूर पुढे लोळत राहिला, की त्याचं लक्ष उडालं. त्याला कारण सांगता येणार नाही, पण तो सुटलेला असतो. म्हणून श्रोत्यांसाठी वेगळं आणि वादकांसाठी वेगळं असं काही शिकायचं नाही. दोघांनाही एकच हवं असतं, की तुम्ही त्यांचं ऐकलंत.

आता हे हातात कसं आणायचं ते सांगतो.

आधी शब्द. एक साधं वाक्य घ्या: "कुठे होतास इतके दिवस?" हे कोणी कोणाला कसं म्हणेल ते आधी तोंडाने म्हणा, मग कुठल्याही चालीत बसवा आणि वाजवायला घ्या. बहुतेक मुलं अक्षर मोजून बोटात घातलेली नखी तारेवर मारतात, कु-ठे-हो-ता-स, प्रत्येकावर एक. किंवा मग एकदाच तार छेडून सगळं वाक्य रॉडने ओढत नेतात. दोन्हींत वाक्य मरतं. क, ठ, त, द ही अक्षरं म्हणताना तोंडात वारा क्षणभर अडतो. तिथे नखीचा आघात हवा. ह, य, ल, व, म, न यांत आवाज चालूच राहतो, तिथे आघात नको, आधीच्याच नादावर रॉड सरकू द्यायचा. म्हणजे "कु"वर आघात, "ठे"वर आघात, "हो" त्याच नादात सरकत यायचा, "ता"वर आघात. "स"ला सूर नाही, नुसती हवा आहे. तिथे उजव्या हाताचा तळवा हलकेच तारेवर टेकवून नाद बंद करायचा. मग थोडी फट. "इतके" बोलताना आपण "इत्के" म्हणतो, म्हणून "इ" अंगठ्याने मऊ आणि "के"वर बोटाचा आघात. "दि"वर एक आघात, "व" त्याच नादात आणि "स"वर पुन्हा तळवा. सगळे मिळून सहा आघात आणि दोन ठिकाणी मौन.

हे वाजवून बघा. घरातल्या माणसाला वाक्य न सांगता ऐकवा. शब्द ओळखता येणार नाहीत, पण "हे काहीतरी विचारतंय" एवढं त्याला कळलं पाहिजे. तेवढं कळलं की पुढे भावगीताचा मुखडा घ्या. कागदावर शब्द लिहा आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ मारा, तळव्याच्या अक्षराखाली टिंब द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी सरगम लिहून घेण्याआधी हे करून घेतो. सरगम त्यांना कुठेही मिळते.

यातला तळवा फार महत्त्वाचा आहे. सतारीचा किंवा सरोदचा नाद आपोआप ओसरतो. स्टील गिटारची तार रॉडखाली बराच वेळ गात राहते, अॅम्प लावला तर आणखी. हा तिचा गुण आहे, आणि सगळा गोंधळही त्यातूनच होतो. डाव्या हाताचंही तसंच. रॉडच्या मागची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी तारांवर हलकी टेकलेली हवीत, ती रॉडबरोबर मागून घसरत आली पाहिजेत. ती उचललेली असतील तर रॉडच्या मागच्या बाजूला तारेचा जो तुकडा उरतो तो वेगळाच सूर काढतो, आणि प्रत्येक सुराबरोबर एक घरघर ऐकू येते. माईकवर ती दुप्पट होते. बरोबरच्या व्हायोलिनवाल्याला हे वाद्य मळकट वाटतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट मींड, म्हणजे नाद न तोडता एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरकत जाणं. इथे जरा थांबतो, कारण बहुतेक जण इथेच सगळं उधळतात.

एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाण्याचे तीन मार्ग या वाद्यात आहेत. पहिला, नाद बंद करून रॉड उचलायचा आणि नव्या जागी ठेवायचा. दुसरा, तळव्याने नाद दाबून धरायचा, रॉड तारेवरूनच मुकाट सरकवायचा आणि नव्या जागी पोचल्यावर नाद मोकळा करायचा. तिसरा, सगळा रस्ता ऐकवत जायचं. शिकाऊ वादकाला तिसराच येतो, कारण तो फुकट येतो. रॉड सरकवला की मींड निघतेच. त्यामुळे सा-रे-ग-म सगळं एकमेकांत वितळतं आणि श्रोत्याला दोन गाण्यांत गुळचट वाटायला लागतं. नवल संपतं म्हणता ते हेच. माझा नियम असा आहे की गाण्याच्या एका ओळीत रस्ता दाखवणारी मींड एकच यावी, आणि ती ज्या शब्दावर गायकाचा जीव आहे त्याच शब्दावर यावी. बाकी सगळीकडे पहिला किंवा दुसरा मार्ग. मग ती एक मींड आली की लोक मान वर करतात.

मींडेचा वेगही एकसारखा नसतो. पंचमावरून गांधारावर यायचं असेल तर पंचम सोडताना रेंगाळा, मधला रस्ता थोडा झपकन काटा आणि गांधाराच्या जवळ येऊन पुन्हा सावकाश उतरा. गळा तसाच जातो. हे शिकायला मिरजेसारखी जागा नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली वारले आणि तिथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. उरुसात त्यांच्या नावाने होणारी संगीत सभा आजही लोक भक्तीने ऐकतात. त्यांच्या ध्वनिमुद्रिका जुन्या आहेत, खरखर आहे, पण सुरावरून सुरावर जाणं कसं असतं ते त्यात उघडं दिसतं. स्टील गिटारवाल्याने गिटारवाल्यांचं जेवढं ऐकावं त्याहून खाँसाहेबांचं जास्त ऐकावं, असं मी आग्रहाने सांगतो. सातारा जिल्ह्यात औंधचा संगीत महोत्सव आहे, १९४० पासूनचा. तिथे जा आणि गायकाइतकंच त्याच्या मागे बसलेल्या हार्मोनियमवाल्याकडे लक्ष द्या. तो कधी थांबतो ते बघा.

हे वाद्य गळ्याच्या संगतीनेच वाढलं आहे. हवाईतल्या जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारेवर लोखंड सरकवायला सुरुवात केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन गाण्यांचं वेड अमेरिकाभर पसरलं, त्यात ही गिटार गळ्याच्या मागे-पुढे वाजत होती. पुढे हवाईयन गिटारवादक ताऊ मो आणि त्याच्या कुटुंबाच्या पायगुणाने ती कोलकात्यात रुजली. आपल्या कानांना ती परकी वाटली नाही, कारण विचित्र वीणा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्य ही सरकवून वाजवायची वाद्यं आपल्याकडे आधीपासून होती. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या आपल्या आधीच्या पिढीने ऐकल्या आहेत. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वाजणाऱ्या गिटारवर ही पिढी मनात शब्द म्हणायची. तुमच्या श्रोत्यांत अजून तेच लोक पहिल्या दोन रांगांत बसलेले असतात.

आता सूर. हे वाद्य बेसूर वाजायला जितकं सोपं, तितकं दुसरं क्वचित असेल. दांडीवर पडदे, म्हणजे आडव्या पट्ट्या आहेत, पण त्या नुसत्या खुणा आहेत. रॉड पडद्याच्या बरोबर वर हवा, साध्या गिटारसारखा दोन पडद्यांच्या मध्ये नव्हे. बसताना डोळा तिरका असेल तर खूण एक दिसते आणि रॉड दुसरीकडे पडतो, म्हणून वरच्या पडद्यांवर जाताना मान नव्हे, कंबरेतून वरचं शरीर किंचित सरकवा. रॉड दाबायचा नाही. त्याच्या स्वतःच्या वजनाला थोडीच मदत हवी. दाबला की तार ताणली जाऊन सूर चढतो.

पण खुणेवर रॉड ठेवला म्हणजे सूर लागला असं नाही. साध्या गिटारची तार नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत (पोटावरचा तारांचा टेकू) साधारण ६५ सेंटिमीटर असते. खुली तार सा धरली, तर चौथ्या पडद्यावर शुद्ध गांधार येतो. पडद्यावरचा गांधार कीबोर्डशी जुळतो. तंबोऱ्याच्या नादात जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो त्याहून सुमारे १४ सेंट खाली असतो (शेजारच्या दोन पडद्यांत शंभर सेंट असतात). पडद्यावर मोजलं तर हे अंतर नटच्या बाजूला जवळपास चार मिलिमीटर भरतं. वरच्या सप्तकात, सोळाव्या पडद्यापाशी, ते दोनच मिलिमीटर उरतं. कोमल गांधाराचं उलटं आहे, तंबोऱ्याचा कोमल गांधार पडद्यापेक्षा थोडा चढा असतो. नुसत्या तंबोऱ्यावर अभंग चालला असेल तर तुम्ही हे चार मिलिमीटर मागे यायला हवं. कीबोर्ड किंवा ऑर्गन भरून वाजत असेल तर पडद्यावरच राहा, नाहीतर तुमचा तंबोऱ्यातला गांधार सगळ्यांना बेसूर वाटेल. कुणाबरोबर बसलो आहोत ते बघून गांधार लावणारा वादक साथीदारांच्या लगेच लक्षात येतो. ते बोलून दाखवत नाहीत. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत नाव घालतात.

याच्यासाठी रोज तंबोरा लावून एकेक सूर धरा. सूर खडा धरा. रॉड थरथरवू नका. सुराभोवती रॉड हलवून गोडवा आणण्याची सवय लागली की कान आळशी होतो, कारण हलणाऱ्या सुरात चूक लपते. आधी सूर सरळ उभा राहू दे, मग त्याच्या शेपटीला हलकं कंपन द्या.

बरोबरच्या लोकांबद्दल आता एकेक करून सांगतो. गायकापासून सुरुवात करू, कारण फोन बहुतेक तोच करतो.

गायिकेची पट्टी काळी चार किंवा पाच असते, आणि तिचा मध्य सप्तक तुमच्या वाद्याच्या सगळ्यात गोड भागात येतो. म्हणून ती गात असताना तिथे जायचंच नाही. खाली जा, खर्जाच्या दोन तारांवर बसा, नाहीतर हात काढून घ्या. ओळ संपली, शेवटच्या अक्षराचा श्वास सुटला, की मग वर या आणि तिच्या शेवटच्या सुरापासून बोलायला सुरुवात करा. दोन ओळींमधला हा भराव किती मोठा? पुढच्या ओळीचा श्वास घ्यायला तिला जागा उरेल इतकाच. तिने श्वास घेताना तुमचा नाद खाली गेलेला असला पाहिजे. अमेरिकेत कंट्री गाण्यांत पेडल स्टील (स्टील गिटारचाच पायपट्ट्या असलेला प्रकार) वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. गायकाच्या ओळीवर चढायचं नाही, ओळीला उत्तर द्यायचं.

सांगलीत भावे नाट्यमंदिरातल्या एका भावगीतांच्या कार्यक्रमात मी श्रोत्यांत बसलो होतो. गायिका वयस्कर होत्या, विलंबित चालीचं गाणं होतं. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांना श्वास कमी पडला आणि ओळ ठरल्यापेक्षा आधी संपली. पुढे चार मात्रा मोकळ्या. तबलजींनी ठेका तसाच ठेवला. कीबोर्डवाल्याची बोटं उठली होती. स्टील गिटारवर एक जुने वादक होते. त्यांनी आधीच छेडलेला खर्जातला पंचम नुसता चालू ठेवला आणि पायाने व्हॉल्यूम हळूहळू कमी केला. एकही नवा सूर नाही. कीबोर्डवाल्यानेही ते बघून हात खाली घेतले. त्या चार मात्रा गायिकेच्या झाल्या. पुढची ओळ त्यांनी पूर्ण छातीने म्हटली आणि समेवर येताना मान गिटारवाल्यांकडे वळवली. मध्यंतरात चहा यायच्या आधी गायिका त्या वादकांच्या जवळ जाऊन बसल्या होत्या. श्रोत्यांतल्या कुणाला त्या जागी गिटार वाजली हेही आठवणार नाही, पण त्या ओळीला टाळी मोठी पडली.

तबलजींचं दुखणं वेगळं असतं. व्हॉल्यूम पेडलने (पायाने आवाज कमी-जास्त करायची पट्टी) आघात झाकून सूर फुगवत आणला की फार सुंदर वाटतं, पण तो सूर कानावर उशिरा येतो. नखी मात्रेवर पडली तरी ऐकू येतो तो मात्रेच्या मागे. संथ आलापीत हे चालतं. केरवा किंवा दादऱ्याच्या उचललेल्या ठेक्यात तबलजींना वाटतं की हा माणूस लय ओढतोय. म्हणून लयीच्या गाण्यात पेडल अर्ध्यावर उघडं ठेवा आणि आघात स्वच्छ ऐकू द्या. सूर फुगवायचाच असेल तर मात्रेच्या आधी छेडा, म्हणजे मोठा होता होता तो मात्रेवर येईल. आणि तबलजींच्या शेजारी बसायची सवय लावा. सम त्यांच्या डग्ग्याच्या हातावर बघता आली पाहिजे.

कीबोर्डवाल्याशी भांडू नका. त्याच्या मशीनमध्ये हवाईयन गिटारचा आवाज आहे हे खरं आहे, आणि गाण्याच्या सुरुवातीला चार सुरांचा तुकडा हवा असेल तर तो पुरतोही. पण चाक फिरवून त्याला सूर वाकवावा लागतो. एका सुरावर आघात, दुसरा सूर त्याच नादात, तिसरा तळव्याने मिटलेला, आणि हे सगळं गायिकेच्या आजच्या श्वासाप्रमाणे, हे त्या चाकाला जमत नाही. तुम्हीही ते करत नसाल, नुसतंच सरकवत असाल, तर मग तो बरोबर आहे. रिहर्सलला त्याला सांगा की तुमच्या भरावाच्या वेळी त्याने मधल्या सप्तकातले लांब कॉर्ड सोडावेत, आणि त्याच्या जागांवर तुम्ही हात काढाल. बासरी किंवा व्हायोलिन असेल तर पहिला अंतरा त्यांचा, दुसरा तुमचा, असं तोंडी ठरवून टाका. ठरलेलं असलं की कोणी कोणावर चढत नाही.

कॉर्डवरून एक धोका सांगायला हवा. बाजारात शिकवताना खुल्या तारांना सी-सिक्स्थ (सा-ग-प-ध) किंवा मेजर कॉर्डचं (सा-ग-प) ट्यूनिंग देतात, सिनेसंगीताला ते सोयीचं पडतं. पण भावगीत मालकंस रागावर बांधलेलं असेल तर त्यात रिषभ नाही, पंचम नाही आणि गांधार कोमल आहे. मेजर ट्यूनिंगमध्ये तुमच्या खुल्या तारांवर पंचम आणि शुद्ध गांधार बसलेले असतात. त्या तारा तुम्ही छेडल्या नाहीत तरी त्या हुंकारतात, आणि गायकाला कुठेतरी खुपत राहतं. अशा गाण्याआधी पंचमाच्या तारा मध्यमावर उतरवा आणि गांधाराची तार कोमल करा. वेळ नसेल तर त्या तारांवर अंगठ्याची कड टेकवून ठेवा. जाणकार गायक हे बघतो. कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्यायची ती याचसाठी.

पट्टीचंही बोलून घेऊ. साधा गिटारवाला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, लावून मोकळा होतो. आपल्या तारा उचललेल्या असतात, कॅपो लागत नाही. तुमचं वाद्य पांढरी दोनला लावलेलं आहे आणि गायकाचा घसा बसलाय, मंचावर चढताना तो म्हणाला "अर्धी पट्टी खाली घेऊ", तर खुल्या तारेचा सा गेला. आता तो अकराव्या पडद्यावर आहे. चेहऱ्यावर आठी न आणता "घ्या" म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गाणं घरी एकदा खुल्या तारेशिवाय बसवा. तसं बसवलेलं गाणं कुठल्याही पट्टीत जातं. ऐन वेळी पट्टी बदलल्यावर कुरकुर न करणारा वादक आयोजकांना देवासारखा वाटतो, हे मी अनेकदा बघितलं आहे.

जत्रेचे कार्यक्रम तुम्हाला असतीलच. पौष-माघात मैदानावर रात्र चढते तशी थंडी वाढते आणि लोखंडी तारा आखडून सूर चढतो. उलट सभागृहात वरचे दिवे तापले की तारा सैल पडून सूर उतरतो. वाद्य पेटीतून काढून अर्धा तास आधी मंचावर उघडं ठेवा आणि मगच लावा. दर दोन गाण्यांनी निवेदक बोलत असताना आवाज बंद करून तपासा. लोकांसमोर टंगटंग करत लावत बसू नका. साउंडवाल्याला रिव्हर्ब कमी ठेवायला सांगा. आपल्या वाद्यात शेपूट आधीच आहे, वरून प्रतिध्वनी आला की तळव्याने मिटवलेला "स" पुन्हा उघडा पडतो.

वादकांनी एकमेकांना जागा देणं म्हणजे काय, हे ऐकायचं असेल तर १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' पुन्हा ऐका. ब्रिजभूषण काब्रांची गिटार, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्यं त्या काळी शास्त्रीय मैफलीत नवी होती, स्वतःला सिद्ध करायची घाई दोघांनाही असू शकली असती. तशी घाई कुठेही ऐकू येत नाही. काब्रा कुठे वाजवत नाहीत, त्या जागा कागदावर लिहून काढा. मी विद्यार्थ्यांना हाच गृहपाठ देतो. त्यानंतर मोहनवीणेवाले विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचं एकत्र वाजवणं ऐका, ज्याला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. दोघंही सरकवूनच वाजवतात, दोघांचा नाद एकाच जातीचा, आणि तरी कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय हे प्रत्येक क्षणी कळतं. दोन सरकवणारी वाद्यं एकत्र आली की सहसा चिखल होतो. इथे का होत नाही ते शोधण्यात एक आठवडा सहज जाईल.

राहिलं नवीन वाद्य. सध्या घेऊ नका. आहे त्याच गिटारची घोडी आणि नट मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांपैकी कोणाला तरी दाखवा. तारांची उंची नटपाशी साधारण एक सेंटिमीटर असावी आणि सगळ्या तारा एका पातळीत असाव्यात. तुमच्या तारांची उंची त्याहून कमी असेल, तर रॉड पडद्याला घासत असणार. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या घोडी घासत आली आहेत, तार कुठे नीट टेकत नाही ते त्यांना बघूनच कळतं. रॉड भरीव आणि गुळगुळीत घ्या, त्यावर बारीकसा ओरखडा पडला तरी बदला. ऑर्केस्ट्रात ड्रमपुढे आवाज पोचत नसेल तर भोकावर बसवायचा साधा पिकअप (तारांचा आवाज अॅम्पपर्यंत नेणारा भाग) पुरतो. इलेक्ट्रिक वाद्याच्या पैशांतून आधी चांगलं व्हॉल्यूम पेडल घ्या, आणि ते पायाला बसेपर्यंत कार्यक्रमात नेऊ नका. कराडहून मिरज फार लांब नाही. गिटार घेऊन याल तेव्हा रेघा आणि टिंबं मारलेला एक मुखडाही बरोबर आणा, घोडी घासून होईपर्यंत तो वाजवून बघू.